आईनं आधी कोणाला ओळखलं होतं?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या. आजची गोष्ट चोरी-दरोड्याची आहे. पण चोरांपेक्षा जास्त ती ओळखण्याची आहे. "हाच तो" असं म्हणून आपण एखाद्याकडं बोट दाखवतो, तेव्हा काय काय घडतं, त्याची.

आपल्या लोहा तालुक्यातल्या कितीतरी घरांचा निम्मा संसार आखाड्यावर असतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत लेकराबाळांसकट तिकडंच मुक्काम. रात्री कुत्रं भुंकलं की छातीत धस्स होतं. म्हणून ही गोष्ट आपल्यापासून लांबची वाटायची नाही.

नाशिकजवळ बेलतगव्हाण नावाचं गाव आहे. तिथल्या पेरूच्या बागेत एक कष्टकरी कुटुंब झोपडीत राहत होतं. ५ जून २००३ ची रात्र. दहा-साडेदहाच्या सुमाराला हत्यारं घेतलेली माणसं आत शिरली. पैसे मागितले, दागिने ओरबाडले. तेवढ्यावर थांबली नाहीत. त्या रात्री पाच माणसं मारली गेली. मेलेल्यांत घरातली पंधरा वर्षांची लेक होती. मायलेकींवर अत्याचार झाले. वाचले दोघंच, आई आणि तिचा एक मुलगा. दोघंही जबर जखमी. त्या माउलीचं नाव मी घेणार नाही. कायदा घेऊ देत नाही, आणि घेण्याची गरजही नाही.

आता पोलिसांपुढं प्रश्न होता, हे केलं कोणी? पाहणारे डोळे चारच, आईचे दोन आणि लेकाचे दोन. सगळा तपास त्या चार डोळ्यांवर उभा राहणार होता.

काही दिवसांत भटक्या जमातीतली सहा माणसं पकडली गेली. मोलमजुरी करून पोट भरणारी, गरीब. त्यांची ओळख परेड झाली. कोर्टात साक्षी झाल्या आणि याच सहा जणांकडं बोट दाखवलं गेलं. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. म्हणजे तीन कोर्टं झाली आणि सहाही माणसं फाशीच्या दाराशी उभी राहिली. त्यातला एकजण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही झालेला नव्हता, हे पुढं सिद्ध झालं.

इथं गोष्ट संपली असती तर आपण म्हटलं असतं, बरं झालं, त्या माउलीला न्याय मिळाला. पण फायलीत एक कागद दडलेला होता.

घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, त्या आईला पोलिसांनी फोटोंचा अल्बम दाखवला होता. आधी कुठल्या ना कुठल्या गुन्ह्यात नाव आलेल्यांचे फोटो अशा अल्बममध्ये असतात. त्या फोटोंतून तिनं चार माणसं ओळखली होती. तसा तिचा जबाबही नोंदवलेला होता. आणि ते चौघं या सहा जणांतले नव्हते. ती चार वेगळीच माणसं होती.

त्या चौघांचं पुढं काय झालं? त्यांच्यावर खटला भरला गेला नाही. त्यांच्या दिशेनं तपास गेला नाही. आणि तो जबाब पोलिसांनी कोर्टापुढं ठेवलाच नाही. घटनेला दोन दिवस झालेले असताना, आठवण ताजी असताना, जिनं सगळं भोगलं ती बाई बोलली होती. तिचा तो पहिला शब्द बाजूला सारला गेला आणि नंतरचा तेवढा कोर्टात वाजला.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपलाच जुना निकाल मागं घेतला आणि प्रकरण नव्यानं ऐकायला घेतलं. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह यांच्या खंडपीठानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं हा निकाल ओळखला जातो. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्या, असं कोर्टानं सरकारला सांगितलं. चुकार तपास अधिकारी शोधा आणि त्यांच्यावर खात्याची कारवाई करा, असंही सांगितलं. आणि आईनं ज्या चौघांना आधी ओळखलं होतं, त्यांच्याबाबत पुढचा तपास करायला लावला.

सोळा वर्षं. पकडलं तेव्हा ज्याचं लेकरू रांगत होतं, तो सुटला तेव्हा ते लेकरू मिशी फुटलेला गडी झालं असणार. आणि दुसऱ्या बाजूनंही बघा. त्या आईची सोळा वर्षं गेली, आणि माझ्या लेकीला मारलं कोणी, हा तिचा प्रश्न जिथल्या तिथंच राहिला. चुकीचा माणूस तुरुंगात गेला की खरा माणूस मोकळा राहतो. म्हणजे अन्याय एकावर होत नाही, दोघांवर होतो.

मग कोणी म्हणेल, ती बाई खोटं बोलली का? अजिबात नाही. हे नीट समजून घेऊ, कारण उद्या साक्षीदार म्हणून आपल्यापैकीही कोणाला उभं राहावं लागेल.

आपल्याला वाटतं, डोळा म्हणजे मोबाइलचा कॅमेरा. बघितलं की छापलं, आणि काढलं की जसंच्या तसं निघालं. पण आठवण तशी नसते. ती वाकळेसारखी असते. काही तुकडे खरे त्या रात्रीचे, काही नंतर ऐकलेले, काही दुसऱ्यांनी सुचवलेले. मन ते सगळे एकत्र शिवून टाकतं, आणि शिवण आपल्याला स्वतःलाही दिसत नाही.

१९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस नावाच्या बाईंनी याचा प्रयोग केला. लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, "गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?" दुसऱ्यांना विचारलं, "गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता?" ज्यांच्या प्रश्नात चुराडा होता, त्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? चुराड्यावाल्यांपैकी जास्त लोक म्हणाले, हो, दिसली होती. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. नुसत्या एका शब्दानं आठवणीत काच फोडली.

आता विचार करा. फिल्म बघताना जिवाला भीती नव्हती. रात्री अंधारात, गळ्याला विळा लागलेला असताना काय होत असेल? अशा वेळी नजर हत्यारावर खिळते. विळ्याची धार, मूठ आठवते, पण ज्याच्या हातात तो होता त्याचा चेहरा धूसर राहतो. त्यात अंधार, त्यात तोंडाला फडकं, आणि सगळं काही मिनिटांत आटोपलेलं. नंतर कोणीतरी फोटो दाखवून म्हणतो, "नीट बघा, हाच होता ना?" तो फोटो मनात घुसतो. पुढं परेडमध्ये तोच चेहरा समोर आला की ओळखीचा वाटतो. पण ओळखीचा कुठून? त्या रात्रीतून की त्या फोटोतून? हे मनाला सांगता येत नाही.

एक साधी गोष्ट घरी करून बघा. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं वेगवेगळं लिहून काढा, न विचारता, न बोलता: मागच्या बाजारी जिच्याकडून भाजी घेतली, तिच्या लुगड्याचा रंग कोणता? कपाळावर कुंकू होतं की टिकली? बांगड्या किती? मग एकमेकींचं वाचून बघा. दिवसाउजेडी, निवांत, पैसे मोजून घेतलेल्या बाईचं आपल्याला किती आठवतं, ते कळेल.

ही चूक आपल्याच देशातली नाही, आणि आजचीही नाही. १८९६ साली लंडनमध्ये अॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाला सात वर्षांची शिक्षा झाली. कोणीतरी बडा सरदार असल्याचं भासवून एकट्या बायकांना नोकरीचं आमिष दाखवत होता आणि त्यांचे दागिने लांबवत होता. फसलेल्या एक-दोन नाही, कितीतरी बायकांनी कोर्टात बेककडं बोट दाखवलं. शिक्षा भोगून तो सुटला, आणि १९०४ साली पुन्हा तशाच आरोपात पकडला गेला. पुन्हा बायकांनी त्याला ओळखलं. तो कोठडीत असतानाच खरा ठग तीच चलाखी करताना सापडला. बेकचा दोन्ही वेळा काही संबंध नव्हता. त्या बायका खोटारड्या नव्हत्या, फसलेल्या होत्या. आधी ठगानं फसवल्या, मग स्वतःच्या डोळ्यांनी. या प्रकरणाचा एवढा गवगवा झाला की इंग्लंडला १९०७ मध्ये फौजदारी अपिलाचं स्वतंत्र कोर्ट काढावं लागलं. अमेरिकेत डीएनए तपासणीमुळं जे शेकडो निर्दोष लोक तुरुंगातून सुटले, त्यांतल्या दर तीन खटल्यांपैकी साधारण दोन खटल्यांत साक्षीदारानं चुकीचा माणूस ओळखलेला होता.

मग आपल्याकडं अशा वेळी संशयाचं बोट कोणाकडं आधी जातं? यालाही इतिहास आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणसानं गुन्हा केला की नाही हे बघायचंच नाही, तो जन्मला कोणत्या जमातीत एवढंच बघायचं. नावं पोलिसांच्या वहीत, रोजची हजेरी, गाव सोडायचं तर पास. सोलापूरला तारेच्या कुंपणात अशा लोकांची वसाहत होती. सेटलमेंट म्हणून जुनी माणसं ती अजून ओळखतात. देश स्वतंत्र झाला तरी हा कायदा पाच वर्षं टिकला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. म्हणून या जमातींना विमुक्त म्हणतात आणि ३१ ऑगस्ट हा त्यांचा विमुक्त दिन. कायदा गेला, पण तो शिक्का लोकांच्या नजरेतून गेला नाही. कुठं घरफोडी झाली की पाल टाकून राहिलेल्यांकडं आधी बोट जातं.

आपल्या माळेगावच्या यात्रेत मार्गशीर्षात खंडोबाच्या नावानं किती भटके विमुक्त लोक येतात, आपण लहानपणापासून बघतो. गाढवांचा, घोड्यांचा बाजार बघतो. त्यांच्याकडून जनावरं घेतो, वस्तू घेतो. पण यात्रा उठली आणि तीच माणसं गावाकडच्या रस्त्यानं दिसली की कडी लावून घेतो. हे आपण का करतो, ते एकदा स्वतःला विचारावं.

कारण या संशयानं माणसं मारली आहेत. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. लेकरं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवर पसरलेली. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावानं ठेचून मारले. तिथंही "हेच ते" असंच म्हटलं गेलं होतं. तिथं ना परेड होती, ना दंडाधिकारी, ना वकील. अफवेनं ओळखलं आणि गर्दीनं शिक्षा दिली.

म्हणून कायद्यानं ओळखण्याची रीत घालून दिली आहे. ती आपल्याला माहीत पाहिजे.

पहिली गोष्ट, ओळख परेड पोलीस घेत नाहीत. दंडाधिकारी घेतात. बऱ्याचदा ते नायब तहसीलदार असतात. परेडच्या जागी पोलीस थांबत नाहीत. संशयिताला एकटा उभा करत नाहीत. त्याच्यासारख्याच वयाची, अंगकाठीची, पेहरावाची निदान सहा माणसं त्याच्यासोबत रांगेत असावी लागतात. त्यांना डमी म्हणतात. साक्षीदार एकेक करून आत जातात, म्हणजे एकीचं बघून दुसरी बोलणार नाही. परेडच्या आधी संशयित साक्षीदाराच्या नजरेला पडू नये, म्हणून त्याचं तोंड झाकून नेतात. टीव्हीवर दिसतं ना, डोक्यावर कापड टाकलेलं? ते आरोपीची लाज झाकायला नसतं, तुमची आठवण कोरी राहावी म्हणून असतं. आणि परेडमध्ये ओळखलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असंही नाही. खरा पुरावा म्हणजे कोर्टात शपथेवर दिलेली साक्ष. परेड तिला आधार देते, एवढंच.

दुसरी गोष्ट, आपण काय करायचं. आखाड्यावर, घरात, रस्त्यात असा प्रसंग आला, तर आधी जीव सांभाळा. दागिने परत होतात, माणूस होत नाही. मग ११२ ला फोन लावा. पोलीस येईपर्यंत चोरांनी हात लावलेल्या वस्तूंना हात लावू नका. आणि शेजारणींशी त्यावर बोलत बसण्याआधी, आठवतं ते सांगून कोणाकडून तरी लिहून ठेवा: किती जण, बोली कोणती, लंगडत होता का, पायात काय होतं. चेहरा आठवत नसेल तर "चेहरा आठवत नाही" असंच लिहा.

तिसरी, जबाबाची. बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं. अत्याचाराची फिर्याद असेल तर ती बाई अधिकाऱ्यानंच नोंदवायची असते. फिर्याद दिली की तिची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय हलू नका. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी नव्वद दिवसांत तुम्हाला कळवायला पाहिजे, असं १ जुलै २०२४ पासून लागू झालेला नवा कायदा सांगतो. वकील परवडत नाही म्हणून मागं राहू नका. बाईला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं अर्ज करायचा.

चौथी, फोटोची. कोणी म्हणालं, "हा फोटो बघा, हाच ना?" तर विचारा, एकच फोटो का? गावच्या व्हॉट्सअॅपवर कोणाचाही फोटो "चोर" म्हणून आला तर पुढं ढकलू नका, डोळे भरून बघतही बसू नका. तुम्हीच उद्या साक्षीदार असाल, तर तो फोटो तुमच्या आठवणीत शिवला जाईल. आणि फोटो बघून कोणाला ओळखलंत, तर ते जबाबात आलं का, हे विचारून घ्या. कोर्टात उभ्या राहाल तेव्हा स्वतःहून सांगा, मला आधी फोटो दाखवले होते, मी तेव्हा अमक्याला ओळखलं होतं. ते लपवायचं कारण नाही. बेलतगव्हाणच्या खटल्यात सगळं अडलं ते तिथंच.

पाचवी गोष्ट सगळ्यांत अवघड आहे. रांगेपुढं उभं राहिल्यावर बाईला वाटतं, एवढे साहेब आलेत, एवढी तयारी केली, आता कोणाला तरी दाखवलंच पाहिजे. नाही दाखवलं तर म्हणतील, हिला काही कळत नाही. घरचे म्हणतील, माणसं गेली आणि ही गप्प बसली. पण खरा माणूस त्या रांगेत नसूही शकतो. "यांच्यातला कोणी नाही" हेसुद्धा उत्तर आहे. "मला खात्री नाही" हेसुद्धा उत्तर आहे. ते देणारी बाई कमी हिमतीची नाही. मला विचाराल तर बोट दाखवण्यापेक्षा बोट आवरायला जास्त हिंमत लागते.

आणि ज्या बाईला खात्री आहे, तिनं ती ठासून सांगावी. उलटतपासात वकील खोदून खोदून विचारतो तेव्हा राग येतो, रडू येतं. तो तुमचा अपमान करायला नाही, आठवणीची शिवण तपासायला विचारतो, असं समजून उत्तर द्या. जे पाहिलं तेवढंच. न पाहिलेलं एक अक्षरही नको.

बेलतगव्हाणची ती आई मला सारखी आठवते. दोन दिवसांपूर्वी सगळं घर गेलेलं, अंगभर जखमा, आणि तरी तिनं फोटो पाहिले, बोलली. तिच्या हातात होतं ते तिनं केलं. तिनं ओळखलेले ते चौघं खरे होते की नाही, हे तपासानंच ठरायला पाहिजे होतं. तो तपास तेव्हा झाला नाही. तिचं बोलणं कागदावर उतरलं, कागद फायलीत गेला, आणि ते कोर्टाच्या निकालात यायला सोळा वर्षं लागली. त्या वेळी तिच्या बाजूला शिकलेली एखादी गटातली मैत्रीण असती, "ताई, तुझा पहिला जबाब कुठं आहे?" असं विचारणारी, तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

तशी मैत्रीण आपण होऊ शकतो. गटातल्या एखादीवर असा प्रसंग आला, तर तिला एकटीला ठाण्यात, तहसिलीत, कोर्टात पाठवू नका. दोघी सोबत जा. तिच्याऐवजी बोलू नका, तिला सुचवू नका. फक्त बाजूला बसा, आणि ती जे बोलली ते तसंच उतरलंय ना, एवढं बघा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.